प्राथमिक स्तरावरील कलाशिक्षण : निसर्ग व हवामानविषयक उपक्रमांचे स्वरूप आणि महत्त्व

प्रस्तावना :

प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांना निसर्गचित्र काढण्यास सांगितले असता बहुतेकांच्या कागदावर एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, काठावर झोपडी व नारळाचे झाड. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेत असून तेथे जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तरीही या दोन्ही ठिकाणच्या मुलांच्या चित्रांतील नदी सारखीच भरलेली असते. ज्या मुलाच्या गावची नदी वर्षातील बहुतेक महिने कोरडी असते, तेही कागदावर दुसऱ्याचीच नदी रंगविते. हा केवळ कौशल्याचा प्रश्न नसून निरीक्षणाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या संदर्भात निसर्ग व हवामान यांवर आधारित कला-उपक्रमांचे विवेचन केले आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बालचित्रकलेच्या विकासाचे टप्पे मांडले. साधारणतः सात ते नऊ या वयोगटातील मूल कागदाच्या तळाशी आधाररेषा काढते व वरच्या कडेला आकाशाचा निळा पट्टा रंगविते. मधली जागा त्याच्या दृष्टीने हवेची असते. ही चूक नसून विकासाची स्वाभाविक अवस्था आहे. याउलट वर वर्णिलेला साचेबंद देखावा विकासातून येत नाही. तो फळ्यावरून किंवा मोठ्यांच्या चित्रावरून उतरविला जातो. शिक्षक मात्र अनेकदा आकाशाचा पट्टा ‘सुधारतात’ आणि साचेबंद देखाव्याला शाबासकी देतात. या दोहोंतील भेद ओळखणे ही शिक्षकाच्या प्रशिक्षणातील मूलभूत बाब होय.

कलेला परिसराशी जोडण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीमची संकल्पना पुढे आली आणि सेवाग्राम येथे देवीप्रसाद यांनी कलेला शिक्षणाचा पाया मानून दीर्घकाळ अध्यापन केले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाला शालेय अभ्यासक्रमात आवश्यक स्थान दिले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला-समावेशी अध्ययनाचा पुरस्कार केला.

उपक्रमांचे स्वरूप :

१) हवामानपट्टी : जाड कागदावर महिन्याच्या दिवसांइतके चौकोन आखावेत. विद्यार्थ्याने रोज ठरावीक वेळी आकाश पाहून त्या दिवसाचा रंग एका चौकोनात भरावा. आकाश नेहमीच निळे नसते, हे पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानी येते. जून व ऑक्टोबर या महिन्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की ऋतुबदल डोळ्यांना दिसतो.

२) ढगांची चित्रे : ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली ढगांचे आकारानुसार वर्गीकरण मांडले. तंतुमेघ, राशिमेघ व स्तरमेघ हे तीन प्रमुख प्रकार प्राथमिक स्तरावर पुरेसे आहेत. तंतुमेघांसाठी कोरड्या खडूचे हलके फटकारे, राशिमेघांसाठी कापूस आणि स्तरमेघांसाठी ओल्या कागदावर पसरणारा पातळ रंग अशी योजना करावी. प्रत्येक प्रकाराची पोत वेगळी असल्याने त्याचा आकार नावापेक्षा अधिक स्मरणात राहतो.

३) पावसाचे ठसे : कागदावर कोरडा रंग भुरभुरून तो काही क्षण पावसात धरावा, थेंब स्वतःच चित्र रेखाटतात. दुसऱ्या वेळी ताटात बारीक पीठ पसरून त्यात थेंब झेलावेत व तयार झालेल्या गोळ्यांचे आकार पाहावेत. विल्सन बेंटली यांनी याच साध्या पद्धतीने थेंबांच्या आकाराचा अभ्यास करून १९०४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. रिमझिम व मुसळधार या शब्दांतील अंतर अशा रीतीने मुलाला हाताने अनुभवता येते. विजा चमकत असताना मात्र हा उपक्रम घेऊ नये.

४) भिरभिरे : कागदी भिरभिरे व पताका करून वाऱ्याची दिशा नोंदवावी. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा मुलांना नकाशावरील बाणाआधी मैदानावर भेटतो.

५) पाने व माती : पिंपळाच्या व केळीच्या पानांवर कागद ठेवून खडू घासल्यास जाळीदार व समांतर शिराविन्यास स्पष्ट उमटतो. काळी माती, गेरू, चुना व कोळसा यांपासून रंग तयार करता येतात. वारली चित्रपरंपरेत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जातात, हे उदाहरण येथे उपयुक्त ठरते.

मूल्यमापन व अडचणी :

या उपक्रमांचे मूल्यमापन सुबकतेवरून करू नये. विद्यार्थ्याने काय पाहिले, कालच्या व आजच्या नोंदीत कोणता फरक टिपला आणि तो स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का, हे निकष असावेत. साहित्याचा खर्च अत्यल्प असल्याने ग्रामीण शाळांतही हे उपक्रम शक्य आहेत. खरी अडचण मनुष्यबळाची आहे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, तीही शंभराहून अधिक पटाच्या शाळांकरिता आहे. साहजिकच पहिली ते पाचवीचे कलाशिक्षण प्रामुख्याने वर्गशिक्षकावरच अवलंबून राहते. त्याने स्वतः कधी ढगांकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले नसेल, तर तो पुन्हा फळ्यावर दोन डोंगरच काढील.

निष्कर्ष :

निसर्ग व हवामानविषयक कला-उपक्रम हे परिसर अभ्यास, भूगोल व भाषा यांना जोडणारे माध्यम आहेत. त्यांची यशस्विता साहित्यापेक्षा शिक्षकाच्या दृष्टीवर अवलंबून असल्याने अध्यापक महाविद्यालयांनी छात्राध्यापकांकडून किमान एक महिन्याची हवामानपट्टी प्रत्यक्ष करून घेणे उचित ठरेल. माणच्या मुलाने कोरडी नदी कोरडीच रंगविली आणि शिक्षकाने तिला योग्य चित्र म्हणून स्वीकारले, तर कलाशिक्षणाचा हेतू बऱ्याच अंशी साध्य झाला असे म्हणता येईल.