गोल्फच्या जुन्या लांकडी काठ्या व त्यांचीं नांवें

स्कॉटलंडांतील गोल्फ या खेळाच्या जुन्या लांकडी काठ्यांचीं नांवें संग्राहकांच्या परिचयाचीं आहेत. परंतु कालनिर्णयाच्या कामीं तीं फसवीं ठरतात. एकच नांव निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या वस्तूंस लागलेलें आहे, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम दफ्तरी पुरावा पाहूं. लोकांनीं धनुर्विद्येचा अभ्यास करावा म्हणून इ. स. १४५७ च्या स्कॉटिश कायद्यानें गोल्फ निषिद्ध ठरविला. पुढें १५०२ सालीं चौथ्या जेम्स राजाच्या खजिन्याच्या हिशेबांत पर्थच्या धनुष्यकारास ‘क्लब’ म्हणजे काठ्यांबद्दल १४ शिलिंग दिल्याची नोंद येते. नोंदींत खेळाचें नांव नाहीं. तथापि १६०३ सालीं सहाव्या जेम्सनें एडिंबरोचा धनुष्यकार विल्यम मेन यासच आपला काठ्या करणारा नेमिलें. यावरून दोन्ही कामें एकाच कारागिराच्या हातीं असत, असें अनुमान निघतें.

या काठीचें डोकें लांबट व अरुंद असून तें बीच, सफरचंद किंवा नासपती यांच्या लांकडाचें करीत. दांडा पूर्वीं ॲश लांकडाचा असे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील हिकरी प्रचारांत आली. दोहोंचा तिरपा सांधा सरसानें जोडून वर दोरा गुंडाळीत. डोक्याच्या पाठींत शिसें ओतीत व तळाच्या पुढील कडेस मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत.

लांब टोल्याची ती ‘प्ले-क्लब’. जिचा दर्शनी भाग चमच्याप्रमाणें किंचित् खोलगट ती ‘स्पून’. हिच्या लांब, मध्यम, आंखूड व ‘बॅफिंग’ अशा जाती होत्या. तळास पितळेचा पत्रा असलेली ती ‘ब्रासी’. ‘निब्लिक’ मात्र विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गाडीच्या चाकोरींत अडकलेला चेंडू काढण्याची आंखूड डोक्याची ही काठी आरंभीं लांकडी होती. पुढें तेंच नांव लोखंडी काठीस मिळालें.

१८४८ च्या सुमारास पिसें भरलेल्या चामडी चेंडूच्या जागीं गटापर्च्याचा कठीण चेंडू आला. त्याच्या आघातानें लांबट डोकीं टिकेनात, म्हणून तीं क्रमानें आंखूड व जाड झालीं. नांवें मात्र तींच राहिलीं. १९२९ सालीं सेंट अँड्रूजच्या नियमकर्त्या मंडळानें पोलादी दांड्यास संमति दिली, आणि पुढील दशकांत नांवांची जागा अंकांनीं घेतली.

तेव्हां केवळ नांवावरून साल ठरवूं नये. वस्तूजवळ सांपडलेला कागदहि बेतानेंच वापरावा. १८९८ सालीं हल शहरांतील एका घराच्या बंद कपाटांत सहा लांकडी व दोन लोखंडी काठ्या १७४१ च्या वृत्तपत्रासह मिळाल्या. हें साल त्या तेथें ठेवल्या गेल्याच्या काळाची पूर्वमर्यादा दाखवितें. घडणीचें साल दाखवीत नाहीं.

कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं गोल्फचीं मंडळें निघालीं. म्हणून आपल्याकडील एखाद्या इंग्रज कुटुंबाच्या जुन्या सामानयादींत ‘स्पून’ आढळल्यास, तो चमचाच असें गृहीत न धरतां शेजारच्या नोंदी व यादीचें साल आधीं पाहावें, अशी आमची संग्राहकांस सूचना आहे.