पाइन वृक्षांवरील तांबेरा व रोगप्रतिकारक्षम वृक्षांची पैदास

गव्हावरील तांबेरा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे. एखादे वाण तांबेऱ्यास दाद देत नाही म्हणून ते सर्वत्र पेरले जावे आणि काही वर्षांनी बुरशीचा नवा प्रकार उद्‌भवून तेच वाण त्यास बळी पडावे, हा अनुभवही नवा नाही. परंतु गव्हाचे पीक चार महिन्यांचे असते. एक वाण फसले तर पुढील हंगामात दुसरे पेरता येते. जे झाड तोडणीस येण्यास साठ-सत्तर वर्षे लागतात, त्यावर तांबेरा पडला तर काय करावयाचे? उत्तर अमेरिकेतील श्वेत पाइन वृक्षांच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यासाठी तेथील वनशास्त्रज्ञांनी केलेले प्रयत्न फळबागा व वृक्षलागवड करणाऱ्या प्रत्येकास उद्‌बोधक वाटतील.

रोगाचा प्रवेश

या रोगाची बुरशी मूळची आशिया खंडातील. तेथून ती युरोपात पसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वृक्षारोपणाची मोठी हौस निर्माण झाली आणि युरोपातील रोपवाटिकांतून स्वस्त रोपे मागविण्यात येऊ लागली. त्या रोपांबरोबर रोगही आला. १९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची प्रथम नोंद झाली. पश्चिम किनाऱ्यावर, कॅनडातील व्हँकूव्हरजवळ, तो १९१० मध्ये फ्रान्सहून आलेल्या रोपांबरोबर पोहोचला. परंतु तेथे तो आढळून आला १९२१ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत तो जंगलात शिरला होता. बाहेरून येणाऱ्या रोपांवर निर्बंध घालणारा कायदा अमेरिकेत १९१२ मध्ये झाला, परंतु तोवर उशीर झाला होता.

आयडाहो व लगतच्या प्रदेशात सुमारे ५० लाख एकरांवर पाश्चात्त्य श्वेत पाइनचे प्राबल्य होते. सरळ वाढणाऱ्या या वृक्षाच्या लाकडापासून दारे, खिडक्या व काड्यापेटीतील काड्या बनत. रोग, तोड व वणवे यांमुळे त्या प्रदेशातील ही वने नव्वद टक्क्यांहून अधिक घटली.

बुरशीचे जीवनचक्र

ही बुरशी एकाच वनस्पतीवर आपले आयुष्य पुरे करीत नाही. तिला दोन आश्रय लागतात. एक म्हणजे पाच-पाच सूच्याकार पानांचे झुपके असणारे पाइन, आणि दुसरा म्हणजे करंट व गूजबेरी यांच्या कुळातील झुडुपे. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत या झुडुपांच्या पानांखाली तयार झालेले नाजूक बीजाणू दमट हवेतून जवळच्या पाइनच्या पानांवर पडतात व पर्णरंध्रांतून आत शिरतात. प्रथम पानावर पिवळा ठिपका दिसतो. पुढे बुरशी पानातून डहाळीच्या सालीत उतरते. साल फुगते, आणि काही वर्षांनी वसंत ऋतूत तीवर नारिंगी भुकटीने भरलेले फोड येतात. ही भुकटी म्हणजे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू होत. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. मात्र ते पुन्हा झुडुपांवरच रुजतात, पाइनवर नाही. सालीतील व्रणाने खोडास वेढा घातला की वरील भाग वाळतो. लहान झाडे थोड्याच वर्षांत मरतात.

झुडुपे उपटण्याची मोहीम

पाइनला रोग झुडुपांकडूनच होत असल्यामुळे झुडुपे नाहीशी करावीत, हा विचार स्वाभाविक होता. १९३३ ते १९४२ या काळात बेकारांसाठी उघडलेल्या सरकारी छावण्यांतील हजारो तरुणांनी डोंगर-दऱ्यांतून ती उपटून काढली. परंतु जमिनीत राहिलेल्या मुळांच्या तुकड्यांस नवे फुटवे येत, आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले बी रान मोकळे होताच उगवे. पुढे प्रतिजैविक औषधांच्या फवारणीचाही प्रयोग झाला. तोही निष्फळ ठरला. १९६० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील या मोहिमा बंद करण्यात आल्या.

निरोगी झाडांचा शोध

या सर्व काळात एक गोष्ट जाणत्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. जेथे बहुतेक सर्व झाडे व्रणांनी भरली होती, तेथेही एखादे झाड स्वच्छ उभे असे. विस्कॉन्सिनमध्ये ए. जे. रायकर यांनी पौर्वात्य श्वेत पाइनमधील अशा झाडांचा अभ्यास आरंभिला होता. १९५० मध्ये रिचर्ड बिंगहॅम यांनी आयडाहोमध्ये पाश्चात्त्य श्वेत पाइनवर हे कार्य हाती घेतले.

निरोगी दिसणारे प्रत्येक झाड प्रतिकारक्षम असतेच असे नाही. एखादे झाड केवळ योगायोगाने रोगातून सुटलेले असू शकते. म्हणून झाडाची परीक्षा त्याच्या संततीवरून करावी लागते. त्यासाठी उंच झाडांवर चढून कोवळ्या मादी शंकूंवर पिशव्या बांधतात व निवडलेल्या नराचे पराग पिचकारीने आत सोडतात. पाइनचे बी परागसिंचनानंतर दुसऱ्या वर्षी पक्व होते. त्यापासून वाढविलेली रोपे सुमारे दोन वर्षांची झाली म्हणजे ती दमट व थंड खोलीत ठेवून वर झुडुपांची रोगट पाने पसरतात. पानांतून गळणारे बीजाणू रोपांवर पडतात. नंतर काही वर्षे प्रत्येक रोपाची तपासणी होते. कोणत्या रोपावर ठिपके कमी पडले, कोणी रोगट पाने लवकर झडवून टाकली, कोणाच्या सालीत बुरशीची वाढ थांबली, याची नोंद ठेवतात. बिंगहॅम यांच्या आरंभीच्या परीक्षणात निवडलेल्या झाडांपैकी सुमारे चतुर्थांशच आपला गुण संततीस देणारी ठरली. अशा निवडक झाडांपासून आयडाहोतील मॉस्को येथे बीजोद्यान उभारण्यात आले. ऑरेगनमधील डोरीना येथील केंद्रात १९६६ पासून याच प्रकारचे काम चालू आहे.

हिमालयातील कैल, अर्थात निळा पाइन, हाही पाच पानांच्या झुपक्यांचा वृक्ष आहे आणि या रोगास तो बराच तोंड देतो. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात त्याचा पौर्वात्य श्वेत पाइनशी संकर करण्यात आला. प्रतिकारशक्ती संततीत उतरली; परंतु तेथील कडक थंडी सोसण्याची शक्ती कमी पडू नये म्हणून संकरित झाडांचा पुन्हा स्थानिक पाइनशी संकर करणे भाग पडले.

एकाच गुणावर भिस्त नको

१९७० मध्ये बोहन किनलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शुगर पाइन या जातीत प्रतिकार देणारा एकच प्रभावी जनुक असल्याचे दाखविले. हा जनुक असलेल्या झाडाच्या पानात बुरशी शिरताच तेथील पेशी मरतात व रोगाची वाट बंद होते. प्रश्न सुटला असे वाटावे, असाच हा शोध होता. परंतु त्याच दशकात कॅलिफोर्नियातील हॅपी कँप येथे या जनुकास न जुमानणारा बुरशीचा प्रकार आढळला. पुढे पाश्चात्त्य श्वेत पाइनमधील तशाच दुसऱ्या जनुकाचीही हीच गत झाली. गव्हाचा इतिहास पाइनमध्ये पुन्हा घडला.

म्हणून आता पैदासकारांचा भर अनेक लहान-लहान गुणांच्या एकत्रीकरणावर आहे. अशा झाडांना रोग होतो, पण तो सावकाश वाढतो आणि झाड जगते. लागवडीतही एकाच झाडाची संतती न लावता अनेक मातापित्यांच्या संततीचे मिश्रण लावतात. शिवाय खालच्या फांद्या वेळीच छाटतात, कारण रोगाचा शिरकाव बहुधा तेथूनच होतो. प्रतिकारक्षम रोपे लाभली तरी मशागतीची ही दक्षता सोडता येत नाही.

काम अद्याप संपलेले नाही. उंच पर्वतांवरील श्वेतसाल पाइन याच रोगाने इतका खालावला की २०२२ मध्ये अमेरिकी शासनास त्याचा समावेश धोक्यात आलेल्या जातींत करावा लागला.

आपल्यासाठी बोध

आपल्या बागांतील झाडे वेगळी असली तरी या इतिहासातील तत्त्वे आपणांसही लागू पडतात. परप्रांतातून किंवा अनोळखी रोपवाटिकेतून आणलेली रोपे तपासल्याखेरीज बागेत लावू नयेत; रोग एकदा स्थिरावला म्हणजे त्याचे उच्चाटन जवळजवळ अशक्य होते. रोगग्रस्त बागेत एखादे झाड वर्षानुवर्षे निरोगी राहत असेल तर त्यावर खूण करावी, ते तोडू नये व त्याची माहिती कृषी विद्यापीठास किंवा कृषी अधिकाऱ्यास द्यावी. मात्र परीक्षण होईपर्यंत त्याच्या कलमांनी सारी बाग भरू नये. तसेच फळझाडांचे एकच वाण सर्वत्र लावण्याचा मोह टाळावा. हंगामी पिकातील चूक एका वर्षात सुधारता येते. झाडाच्या बाबतीत तिचे मोल पुढील पिढीस द्यावे लागते.