नवा पक्षी सापडला... की नाही?

रविवारी सकाळी सहा वाजता होस्टेलच्या गेटवर रजिस्टरमध्ये 'बाहेर जाण्याचे कारण' या रकान्यात मी 'पक्षी' असं लिहिलं. वॉचमनकाका नुसते हसले.

आम्ही चौघी निघालो होतो कवडी पाटला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण २० किलोमीटरवर, मुळा-मुठेच्या काठी ही जागा आहे. थंडीत इथे चक्रवाक, थापट्या अशी पाहुणी बदकं उतरतात. मी कॉन्व्हेंटची. किंगफिशर माहीत होता, पण तोच आपला 'खंड्या' हे इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं!

'नवा पक्षी' म्हणजे जगाला माहीत नसलेला पक्षी नव्हे. त्या जागेच्या यादीत ज्याची नोंद नाही, तो नवा. म्हणून आधी जुनी यादी बघायची. मग काठावर गेल्यावर रंगाच्या मागे न लागता आकार, चोच, पाय, आवाज, बसायची जागा आणि तो काय करतोय हे जागीच वहीत उतरवायचं. रंग उन्हात फसवतात. २००२ साली सुरू झालेल्या 'ईबर्ड'वर अशी नोंद टाकता येते. पक्षी त्या भागात नेहमीचा नसेल तर पुरावा मागतात, जाणकार तपासतात.

मला त्या दिवशी झाडावर एक तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेला पक्षी दिसला. यादीत असं काहीच नव्हतं. मी जवळजवळ नाचलेच! परत आल्यावर काकांना फोटो दाखवला. काका नदीकाठच्या गावचे. म्हणाले, "ताई, हे रातबगळ्याचं पिल्लू. मोठं झालं की राखाडी होतं, डोक्यावर-पाठीवर काळं." पुस्तक उघडलं, तर काका बरोबर! पूर्ण रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात म्हणे. म्हणजे यादीतलाच पक्षी, फक्त लहान वयातला.

पण खरा धडा वेगळाच होता. लांब गुलाबी पायांचे शेकाटे तिथे एवढे होते की मला वाटलं, वा, नदी मजेत आहे! नंतर वाचलं, तेव्हा कळलं की सांडपाण्याच्या गाळात अळ्या भरपूर होतात आणि शेकाट्यांना तेच हवं असतं. उलट नदी सुरय अंडी घालतो वाळूच्या बेटांवर. बेटं गेली की तोही जातो. म्हणजे यादी लांबली म्हणून नदी सुधारली असं होत नाही. कोण आलं याबरोबर कोण येईनासं झालं, तेही लिहायला हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्षी म्हणजे नदीचे सेन्सर. रीडिंग घ्यायचं ते दर आठवड्याला, एकाच जागी, एकाच वेळी. एका रीडिंगवर ग्राफ निघतो का?

आता दर रविवारी सहाला आम्ही गेटवर असतो. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने मिळेल. रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचं ते माहीत आहेच. आणि फोटो आधी काकांना दाखवायचा, मगच नाचायचं!