दुष्काळातून आलेल्या मुली केडगावात छापखाना चालवायला शिकल्या, आणि 'शिकवायला आलात की धर्म बदलायला' हा वाद तेव्हाही पेटला होता

कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलं की आटगाव, तानशेत मागे पडतं आणि खर्डी येतं. मुंबईपासून शंभरेक किलोमीटर. कामासाठी बरेच जण पहाटेची गाडी पकडून कल्याण-ठाण्याकडे जातात. हातात मोबाईल आहे, यूट्यूब आहे, शिकायची इच्छाही आहे. पण शहापूर-मुरबाड काय किंवा दुसरा कुठला आदिवासी पट्टा काय, तिथे एखाद्या ख्रिश्चन संस्थेने फुकट कम्प्युटर क्लास किंवा शिवणक्लास सुरू केला की गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो.

हे शिकवायला आलेत की धर्म बदलायला?

प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो नवाही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात याच प्रश्नावर इतका मोठा राडा झाला होता की न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारख्या माणसांनी एका संस्थेतून अंग काढून घेतलं. ती संस्था होती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांनी धारेवर धरलं होतं, तरी त्यांनी मुलीलाही शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या पोरीचं संस्कृत ऐकलं आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे लग्न, मुलगी मनोरमा आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी इकडे आल्यावर काय झालं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. ज्या पंडितेचं कौतुक चाललं होतं, तीच आता अनेकांना परकी झाली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. पण रमाबाईंनी तिथे राहून शाळा बघितल्या आणि फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. लहान मुलांना पाठांतराऐवजी वस्तू हाताळून, खेळून शिकवायचं, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे जवळपास नवीच होती. भारतातल्या विधवांसाठी शाळा काढायची म्हणून त्यांनी तिथे पैसे उभे केले आणि परत आल्या.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर 'शारदा सदन' सुरू झालं. अट स्पष्ट होती: इथे धर्माचा प्रचार होणार नाही. मुलींना आपापले रीतिरिवाज पाळता येतील. त्यामुळेच रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखे लोक सल्लागार म्हणून सोबत आले. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं.

आणि तिथे गाडी अडली.

रमाबाई स्वतः सकाळी प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कोणाला बोलावत नाही, आणि येणाऱ्याला हाकलणारही नाही. सल्लागारांचं म्हणणं होतं, बाई, ज्या मुलींचं तुमच्यावाचून कोणी नाही, त्यांच्यासाठी तुमचं उघडं दार हेच आमंत्रण आहे. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे एक बाजू घेऊन मोकळं होणं सोपं आहे. पण नीट बघितलं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. रमाबाईंनी शब्द मोडला असं सरळ म्हणता येत नाही. पण आश्रय देणारी बाई आणि आश्रय घेणारी मुलगी यांच्यात बरोबरीचं नातं नसतं, ही सल्लागारांची शंकाही पोकळ नव्हती.

याच गोंधळाच्या वर्षात सदनातली आणखी एक गोष्ट घडली, जी वादाच्या धुरळ्यात मागे पडते. सदनात सुरुवातीलाच आलेल्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ती तिथे शिकली, स्वतःच्या पायावर उभी राहण्याइतकी तयार झाली आणि तिने धर्म बदलला नाही. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केलं. हेच पुढचे महर्षी कर्वे, हिंगण्याची संस्था आणि १९१६ चं महिला विद्यापीठ उभं करणारे. म्हणजे ज्या सदनावर 'मुली बाटवायची जागा' असा शिक्का बसला, तिथून शिकून निघालेली मुलगी महाराष्ट्रातल्या स्त्री-शिक्षणाच्या सगळ्यात मोठ्या कामाच्या घरात पोहोचली.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात लोक भुकेने मरत होते आणि पोरक्या मुलींना पळवणाऱ्या टोळ्या फिरत होत्या. रमाबाईंनी स्वतः उपाशी रस्ते तुडवले होते. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, तिथे एवढ्या मुली ठेवणं शक्य नव्हतं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून 'मुक्ती सदन' झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. केडगावात सगळ्या जातींच्या मुली होत्या आणि जेवणाची पंगत एकच. पण आता प्रश्न जास्त व्यावहारिक होता. या मुलींना आयुष्यभर पोसणार कोण? म्हणून शेती, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण असे उद्योग सुरू झाले. आणि त्यात एक उद्योग असा होता जो त्या काळात 'हायटेक' म्हणता येईल. छापखाना.

तेव्हाचा छापखाना म्हणजे बटण दाबलं आणि कागद बाहेर आला, असा प्रकार नव्हता. प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. जुळारी, म्हणजे आजच्या भाषेत कंपोझिटर, समोरच्या खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीत काम त्यातल्या त्यात सोपं, अक्षरं मोजकी. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, वर ष्ट, द्ध, त्र्य अशी जोडाक्षरं, त्यामुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी. कुठला खिळा कुठल्या खणात आहे हे हाताला पाठ व्हावं लागतं. मग प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, छापायचं, कागदाच्या घड्या घालायच्या, बांधणी करायची. काम झालं की सगळे खिळे सुटे करून परत आपापल्या खणात.

हे सगळं केडगावात मुली करत होत्या. त्यातल्या अनेकींनी काही वर्षांपूर्वीपर्यंत पाटीही पाहिलेली नव्हती. या कामाची गंमत अशी की वाचता आल्याशिवाय ते जमतच नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की ओळ पुन्हा जुळवावी लागते. म्हणजे यंत्र शिकायचं तर भाषा शिकावीच लागते. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतली आणि सदनातल्या अंध मुलींनाही वाचायला शिकवलं, हे त्याच साखळीतलं.

मिशनच्या छापखान्यातून कौशल्य शिकण्याची ही महाराष्ट्रातली पहिली वेळ नव्हती. मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला हात लावेनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरल्याचं सांगतात. जावजी दादाजी याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागले आणि १८६९ मध्ये त्यांनी 'निर्णयसागर' सुरू केला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आणि देखण्या छपाईसाठी देशभर नाव झालेला छापखाना तो हाच. मिशनऱ्यांनी बायबलसाठी आणलेलं तंत्र अशा रीतीने पंचांगाच्या आणि संस्कृत काव्यांच्या कामी आलं.

पण गणपत कृष्णाजी आणि जावजी संध्याकाळी काम संपल्यावर घरी जात होते. केडगावच्या मुलींना परत जायला घरच नव्हतं. आणि मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं, शारदा सदनासारखी 'प्रचार नाही' ही अट तिथे नव्हती. बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. त्यातल्या किती जणींनी मनापासून हे स्वीकारलं आणि किती जणी ताट देणाऱ्या हाताच्या मागे गेल्या, हे बाहेरून मोजता येत नाही. ज्यांनी जीव वाचवला त्यांचा देव आपला मानावा, असं एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला वाटलं असेल तर ते खोटं म्हणता येणार नाही. पण तिच्यासमोर दुसरा पर्याय फारसा नव्हता, हेही तितकंच खरं.

आज हा तोल सांभाळायला कायदा आहे, जो रमाबाईंच्या काळात नव्हता. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. म्हणजे ख्रिश्चन संस्थेने शाळा काढणं यात काहीही गैर नाही. त्याच वेळी कलम २८(३) सांगतं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचाही हक्क देतं. आणि मुलांना ठेवून घेणारं वसतिगृह किंवा बालगृह गरजू, निराधार मुलांसाठी असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली त्याची नोंदणी सक्तीची आहे.

त्यामुळे खर्डीत उद्या असा क्लास आला तर व्हॉट्सअपवर भांडण्यापेक्षा जाऊन विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रार्थनेला न बसणारा मुलगा क्लासला बसू शकतो का? सर्टिफिकेट कोण देतं आणि नोकरीत ते चालतं का? राहायची सोय असेल तर नोंदणी दाखवा. जो क्लास या प्रश्नांची उत्तरं सरळ देतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मग तो चर्चचा असो, मठाचा असो की एखाद्या कंपनीच्या सीएसआरचा.

इकडे केडगावात छापखान्याचं सगळ्यात मोठं काम अजून बाकी होतं. आधीचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, असं रमाबाईंचं मत होतं. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांमधून साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. ते इतकं शब्दाला शब्द आहे की काही ठिकाणी वाक्य अडखळतं, अशी टीका पुढे झाली, आणि ती बरोबरही आहे. पण एका बाईने एकटीने केलेलं आणि मुलींनी खिळे जुळवून छापलेलं असं दुसरं बायबल सापडणं अवघड.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.