लिटरभर पाण्यात धुतलेला रोल

कोडॅकची बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्यांनीच वाचली. १३३ वर्षांची कंपनी पुन्हा डबघाईला आल्याची आधी ओरड, मग ‘आम्ही दुकान बंद करत नाही’ असा कंपनीचा खुलासा. २०१२ साली दिवाळखोरीत गेलेल्या याच कंपनीच्या फिल्मच्या रोलला आज विशी-पंचविशीतली पोरे गिऱ्हाईक आहेत. आपल्याकडेही कपाटातल्या जुने यशिका नि केबी-१० कॅमेरे बाहेर निघू लागले आहेत. मात्र रोल आता परदेशातून येतो. उटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’ केव्हाच इतिहासजमा झाला, त्यामुळे किंमत ऐकून घाम फुटतो. म्हणूनच पहिला रोल वाया जाऊ नये, एवढ्यापुरता हा लेख.

कॅमेरा विकत घ्यायचा असेल तर बॅटरीविना शटर चालणारा घ्या. पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएम-१० चालेल. लेन्स उजेडासमोर धरा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर परत द्या. रोल चढवल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते का, ते पाहा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही. छत्तीस फोटो काढूनही रोल कोराच राहील.

उजेडाची मात्र आपल्या बीडला वानवा नाही. लख्ख उन्हात लेन्सचे छिद्र एफ/१६ ठेवायचे आणि शटर रोलच्या आयएसओ आकड्याजवळ: १०० च्या रोलला १/१२५, ४०० ला १/५००. प्रकाश मोजणारा मीटर लागतच नाही. उलट बीडच्या कंकालेश्वर मंदिराच्या काळ्या दगडावर मीटर धरलात तर तो फसतो आणि दगड राखाडी करून देतो. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यात अंगणातले दगडी हत्ती उन्हात असतात आणि लेण्याचा मंडप अंधारात. तिथे एका फोटोत दोन्ही पकडायचा हट्ट सोडा. शंका आली तर निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्तच द्या. कमी पडलेला मागून भरता येत नाही. आणि कॅमेरा उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

खरी अडचण पुढेच आहे, ती म्हणजे रोल धुणे. ‘ज्या गावात नळ कित्येक दिवसांआड येतो तिथे कसली डार्करूम?’ असे लोक म्हणतात. पूर्वी फिल्म अर्धा तास वाहत्या नळाखाली ठेवत, तेव्हा हे खरे होते. आता इल्फर्ड या ब्रिटिश कंपनीची साधी रीत आहे. फिल्मवरची प्रतिमा पक्की करणारा फिक्सर हार्डनर (थर कडक करणारे रसायन) नसलेला वापरा. तो ओतून दिल्यावर फिल्म धुण्याची टाकी पाण्याने भरा आणि पाचदा उलटी-सुलटी करा. पाणी बदला, दहादा करा. पुन्हा बदला, वीसदा करा. एका रोलच्या टाकीत साधारण ३०० मिली पाणी मावते. म्हणजे सगळी धुलाई लिटरभरात उरकते. एवढे पाणी तर आपण पाहुण्याला पाय धुवायला देतो!

बोअरचे पाणी जड, त्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर वाळतात. म्हणून शेवटची विसळणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा, कोणत्याही बॅटरीवाल्याकडे ते मिळते. कृष्णधवल डेव्हलपरला २० अंश तापमान हवे, आपल्या घरच्या टाकीतले पाणी पावसाळ्यातही त्याहून गरम. बादलीत बर्फ घाला, डेव्हलपरची बाटली त्यात उभी करा आणि थर्मामीटर उतरेपर्यंत थांबा. फिल्म धुण्याच्या टाकीत भरण्यापुरता मिट्ट काळोख लागतो. त्यासाठी रात्रीची मोरी पुरते, वीज गेली तर उत्तमच.

गरम हवेचे कारण तर सांगूच नका. हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ याच मुलखात काचेच्या प्लेटा घेऊन हिंडले. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकामांचे फोटोही त्यांच्याच स्टुडिओने काढले.

इंटरनेटवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याचा एक तास मला मोलाचा वाटतो. लग्नात फ्रेम मोजून वापरणारी ही माणसे अजून दुकानात बसतात आणि त्यांच्याकडे कोणी काही विचारायला जात नाही. त्यांनाही एक विनंती: धुण्याच्या टाक्या, रिळे, एनलार्जर भंगारात घालू नका, आता मागायला पोरे येतील.

आणि पोरांनो, पहिला रोल कृष्णधवलच घ्या. तो धुऊन, वाळवून हातात येईपर्यंत दुसरा विकत घेऊ नका.