सियागंजचा ठसका आणि शेतातला धूर



इंदूर स्टेशनाजवळची सियागंज ही किराणा व मसाल्याची ठोक पेठ. मिरची-धन्याची पोती उतरू लागली की तेथे ठसका लागतो. हा ठसका शरीराचे रक्षणच करतो. जाड धूळ नाकात व घशात अडते आणि शिंकेबरोबर, खोकल्याबरोबर बाहेर पडते.

अधिक भय आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचे. अडीच मायक्रॉनहून लहान कण आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा बळावतो, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने हे हवेतील कण कर्करोगास कारण ठरतात, असे जाहीर केले. वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, असे संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

हे कण बहुतांशी धुरातून येतात: मालमोटारींच्या, कचऱ्याच्या, चुलीच्या आणि आपल्या शेतातल्याही. गहू निघाला की माळव्यात उरलेले खुंट, म्हणजे नरवाई, पेटविली जाते. केंद्र सरकारच्या स्वच्छ वायु सर्वेक्षणात इंदूर २०२३ व २०२५ साली मोठ्या शहरांत पहिले आले. पण कितीही रस्ते झाडले तरी वाऱ्याने आलेला धूर अडत नाही. पाठीवर पोते घेतलेला हमाल जोराने श्वास घेतो, म्हणून तो धूर त्याच्या छातीत अधिक जातो.

तेव्हा आम्ही एवढेच सुचवितो:

१. नरवाई जाळू नये. यंत्राने तिचा भुसा करावा किंवा ती रोटाव्हेटरने मातीत मिसळावी. आगीत जमिनीचा कसही जळतो.

२. ओला पंचा जाड धूळ अडवितो, बारीक कण नव्हे. धुळीच्या कामात नीट बसणारी एन-९५ मुखपट्टी लावावी. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे.

३. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास ‘धुळीचाच असेल’ असे म्हणून बसू नये. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते.

दूषित हवेचा मार गरिबांना अधिक बसतो, याकडे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात लक्ष वेधले होते. शेजारप्रीतीची आज्ञा आपण दर रविवारी ऐकतो. सियागंजचा तो हमालही आपला शेजारीच आहे. यंदा गहू निघाल्यावर काडी ओढण्यापूर्वी त्याची आठवण ठेवावी, ही विनंती.