सुती सदऱ्याचे मूळ गाव

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गेल्या दिवाळीत तेथील एका दुकानात नातवाच्या सदऱ्यासाठी सुती कापड घेताना मी सहज विचारले, की हा कापूस कुठला? शेटजींनी भाव, पन्हा, कापड आटेल की नाही, रंग जाईल की नाही, हे सारे न विचारता सांगितले होते. या प्रश्नावर मात्र ते नुसते हसले. माल अहमदाबादेहून येतो, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यापलीकडचे त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते आणि खरे सांगायचे तर इतकी वर्षे मीही विचारले नव्हते.

शेतकरी, आडत्या, सरकी काढणारा कारखाना, सूतगिरणी, माग, रंगाई, शिलाई अशा कितीतरी हातांतून कापूस आपल्या अंगावर येतो. व्यापाराच्या आजच्या भाषेत यालाच पुरवठा-साखळी म्हणतात. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे दगावली, त्यांत बहुतेक शिलाई-कामगार होते. ते कपडे ज्या बड्या परदेशी दुकानांत जात, त्यांना त्यानंतर जाब विचारला जाऊ लागला. आपल्या मालामागच्या माणसांची व मातीची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा कायदा जर्मनीत २०२३ पासून लागू झाला. हे सारे वाचताना आम्हां इंदूरकरांना आपल्याच गावातील एक जुनी गोष्ट आठवायला हवी. ती आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

१९२४ साली होळकर दरबारने दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा आणि हेतू साधा, कापूस सुधारावा. संचालक होते आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या कामात बरोबरीने होत्या त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. केवळ कापसाचे झाड सुधारून भागणार नाही, ज्या मातीत ते उभे आहे तिच्यापासून आरंभ केला पाहिजे, हे या दांपत्याचे म्हणणे. काळ्या जमिनीतून दरसाल पीक उचलायचे आणि तिला परत काही द्यायचे नाही, हा व्यवहार त्यांना बुडीत खात्याचा वाटे.

मग त्यांनी शेतातील केरकचऱ्याकडे लक्ष वळविले. कापसाच्या पऱ्हाट्या टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप भरडल्या जात. पुढे हाच भुगा गुरांखाली अंथरायचा, गोमूत्र मुरलेली माती, शेण व लाकडाची राख यांचे थर देत उथळ खड्ड्यांत भरायचा, पाणी शिंपडायचे आणि तीनदा उलटापालट करायची. तीन महिन्यांत उत्तम खत तयार! ‘इंदूर पद्धत’ या नावाने ही रीत जगभर गेली. १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या तिच्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरात आले, तेव्हा हे खत पाहण्यासाठी ते मुद्दाम संस्थेत गेले होते.

खताची कथा निदान शेतकी शिकणाऱ्यांना माहीत असते. मजुरांची कथा फारशी कोणी सांगत नाही. हॉवर्ड यांनी आपल्या मजुरांसाठी काही गोष्टी ठरविल्या होत्या: पुरेशी मजुरी, तीही ठरल्या दिवशी, बेताचे कामाचे तास आणि मध्ये विश्रांती, राहायला बरी घरे, दुखलेखुपले तर औषधपाणी. यात दयाधर्मापेक्षा हिशेब अधिक होता, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा! जमीन व मजूर यांचा विचार एकाच वहीत करणारा हा हिशेब होता, आणि मला तर तोच अधिक मोलाचा वाटतो.

कापसाच्या पुढच्या मुक्कामी, म्हणजे गावातल्या गिरण्यांत, काय घडले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. पाच हजारांहून अधिक कामगारांची देणी अडकली आणि कज्जा चालूच राहिला. सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या ३२ वर्षांत अनेकांच्या बायका वारसदार म्हणून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्या गिरणीचे कापड कधीकाळी आपणही वापरले असेल.

आता विंध्याचा घाट उतरून निमाडात चला. महेश्वरहून नर्मदा ओलांडली की कसरावदचा परिसर लागतो. पॅट्रिक होमान या स्विस सूत-व्यापाऱ्याच्या पुढाकाराने १९९० नंतर येथे सेंद्रिय कापसाचे ‘बायोरे’ हे काम सुरू झाले. खरेदीची हमी, बाजारभावाहून थोडे अधिक मोल आणि शेतकऱ्यांना शिक्षण ही त्याची अंगे. याच भागात २००७ पासून शास्त्रज्ञांनी सेंद्रिय व रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून मोजमाप ठेवले. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्क्यांनी कमी पिकला, गहू २७ टक्क्यांनी. पुढच्या दोन वर्षांत दोन्हींचे उत्पन्न सारखे आले आणि खर्च कमी असल्याने सेंद्रिय शेतीचा नफा वरचढ ठरला.

म्हणजे सारा प्रश्न त्या पहिल्या दोन वर्षांचा. ती तूट एकट्या शेतकऱ्याने सोसायची, की सूत घेणाऱ्याने, कापड विकणाऱ्याने आणि सदरा घालणाऱ्यानेही? हमीची खरेदी हे त्याचे एक उत्तर आहे. नुसते प्रमाणपत्र हे उत्तर नव्हे. २०२० साली ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानक-संस्थेला भारतात २० हजार टन कापसाची बनावट कागदपत्रे सापडली आणि ११ कंपन्यांवर बंदी आली. कागद शुद्ध, कापूस भलताच! ज्याने खरोखर दोन वर्षे तूट सोसली, त्याचा माल अशा मालाशेजारी त्याच भावाने पडून राहतो.

सदरा शिवून झाला. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा त्याच दुकानी गेलो, तर शेटजींनी आपणहून विषय काढला. त्यांनी अहमदाबादेच्या अडत्याला फोन करून विचारले होते. त्याने सूतगिरणीचे नाव सांगितले, आणि गिरणीवाल्याने सांगितले की गाठी खरगोनच्या मंडीतून आल्या होत्या. खरगोन म्हणजे आमच्या कसरावदचाच जिल्हा. त्या मंडीत कोणत्या गावाच्या गाड्या उभ्या होत्या, ते मात्र गिरणीच्या वहीत नव्हते.